नाखवांच्या जीपचा हीटर

आमच्या किनाऱ्यावर गाडीचा हीटर दुरुस्त करायला कोणी येत नाही. एसी गार करत नाही म्हणून भांडायला येतात, काच खाली जात नाही म्हणून येतात, वाळूत रुतून सायलेन्सर तुटला म्हणून येतात. हीटर चालत नाही, अशी तक्रार घेऊन अलिबाग-मांडवा रस्त्यावरच्या माझ्या गॅरेजात इतक्या वर्षांत एकच माणूस आला. संपादकांनी सांगितलं होतं, गमतीदार गिऱ्हाइकांचे किस्से लिहा. हा किस्सा सुरुवातीला मीही गमतीचा म्हणून चारचौघांत सांगायचो. नंतर सांगायचा थांबलो. आज लिहितो आहे.

आम्ही मूळचे मिठागरवाले. वडील, काका, सगळे पेणच्या बाजूला मिठागरात राबले. त्यांच्या पायांच्या भेगा बघून मी मिठापासून पळालो आणि लोखंडाच्या धंद्यात आलो; आणि मीठ लोखंडाचं काय करतं, हेच जन्मभर बघत बसलो. इथल्या हवेतच ते आहे. देशावरची गाडी आणि आमच्याकडची गाडी एकाच वर्षाच्या असल्या तरी खालून बघितल्या तर बाप-लेक वाटतील. त्यात पर्यटक येतात ते फोटोसाठी गाडी थेट लाटांत घालतात. भरती चढायला लागली की मग आम्हाला फोन.

अशा गाड्या ओढून काढायचं काम थळच्या हिराजी नाखवांकडे असायचं. नाखवा म्हणजे होडीचा मालक. पण आमच्याकडे तो शब्द माणसाला असा चिकटतो की नाव मागे पडतं. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, बोलायला कमी, आणि जे बोलतील ते तिरकं. त्यांच्याकडे लष्कराच्या लिलावातली एक जुनी फोर-बाय-फोर जीप होती. वर पत्र्याचं बंद छप्पर, डिझेल इंजिन, आयुष्याचा पहिला भाग कुठेतरी उत्तरेत, बर्फात काढलेली. नाखवा तिच्यातून जाळी न्यायचे, बर्फाच्या लाद्या आणायचे, आणि वाळूत फसलेल्यांना बाहेर काढायचे. एकदा वरसोलीच्या किनाऱ्यावर मी त्यांच्याबरोबर होतो. काळा चष्मा लावलेला एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून आम्हालाच ऐकवत होता, "माझी गाडीपण फोर-बाय-फोरच आहे, माहितीये ना?"

नाखवा दोर बांधता बांधता म्हणाले, "व्हय. पन दर्याला ठावं न्हाय ना त्ये."

तर असे नाखवा एका डिसेंबरात, ऐन सुट्ट्यांच्या गर्दीत, जीप घेऊन माझ्या दारात आले आणि म्हणाले, "विलास, याचा हीटर करायचाय."

आधी हीटर म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इंजिन गार ठेवायला त्याच्याभोवती पाणी फिरतं. ते उकळायच्या बेताला आलेलं असतं. त्यातलं थोडं पाणी दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डखालच्या छोट्या रेडिएटरमध्ये आणायचं आणि त्यावरून पंख्याने हवा सोडायची. झाली गरम हवा. पाणी सोडायला-बंद करायला वाटेत एक कॉक असतो. ड्रायव्हरच्या हाताशी एक दांडी असते आणि ती दांडी आणि तो कॉक यांच्यामध्ये एक केबल असते. सायकलच्या ब्रेकला असते तशीच, आवरणातून सरकणारी तार. दांडी ओढली की तार सरकते, कॉक उघडतो. एवढंच.

ही तार आमच्याकडे टिकत नाही. वापर नाही, त्यामुळे ती वर्षानुवर्षं एका जागी पडून राहते, आवरणात खारी हवा शिरते आणि तार आतल्या आत गंजून धरते. कॉकही धरतो, मग गळायला लागतो. गळतं पाणी म्हणजे इंजिनाला धोका. म्हणून किनाऱ्यावरच्या आम्हा सगळ्या मिस्त्रींचा एक रिवाज आहे. हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या काढायच्या आणि पाइपचा तुकडा घालून एकमेकींना जोडून टाकायच्या. पाणी हीटरला वळसा घालून परत इंजिनात. गिऱ्हाइकाला विचारायचीसुद्धा पद्धत नाही. इथे हीटर लागतो कोणाला? दांडी मात्र जागेवर ठेवायची, भोक दिसू नये म्हणून.

नाखवा हीटर म्हणाले तेव्हा गॅरेजात हशा पिकला. माझ्या शेडच्या अर्ध्या भागात अन्वरभाई बसतात. मूळचे मुरूडचे, गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. ते म्हणाले, "नाखवा, सुरमई गोठली काय तुमची?"

मीही सोडलं नाही. "नाखवा, यंदा बोट काश्मीरला लावताय वाटतं!"

एरवी त्यांनी आम्हा दोघांना एका वाक्यात गार केलं असतं. त्या दिवशी ते हसले नाहीत, उलटं बोलले नाहीत. हातातल्या किल्लीला लागलेली वाळू अंगठ्याने काढत राहिले. "चालू व्हायला पायजे. बस."

ते उलटं का बोलले नाहीत, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मला वाटलं, समजलं. जीप विकायची असेल. आमच्याकडे जुनी गाडी विकताना गिऱ्हाईक प्रत्येक दांडी, प्रत्येक बटण हलवून बघतं. हलतंय म्हणजे चालतंय. विकणाऱ्याला ते उघड बोलायचं नसतं आणि मिस्त्रीने ते न बोलता ओळखायचं असतं. मी डोळा मिचकावला. "कळलं, नाखवा. संध्याकाळी घेऊन जा."

नाखवा मान हलवून गेले. त्यांना काय कळलं आणि मला काय कळलं, देव जाणे.

जीप उघडली तर अंदाजाप्रमाणेच. तार गंजून आवरणाशी एकजीव झाली होती, कॉक घट्ट. नीट करायचं तर डॅशचा खालचा भाग उतरवायला हवा, केबल मुंबईहून मागवायला हवी, कॉक नवा. बाहेर पाच गाड्या उभ्या. मी रिवाजाप्रमाणे नळ्या एकमेकींना जोडल्या. मग स्कूटरच्या चोक केबलचा एक तुकडा घेतला, एक टोक दांडीला लावलं आणि दुसरं आतल्या एका पट्टीला स्प्रिंग घालून अडकवलं. नुसती दांडी ठेवली तर ती सैल लागते, हाताला कळतं. स्प्रिंग घातली की ओढताना खऱ्यासारखा जोर लागतो आणि शेवटी हलकासा ठोका येतो. फार सफाईदार काम झालं होतं. अन्वरभाईंनी पंख्याची वायर जोडून दिली, म्हणजे वाराही सुरू झाला. दोघांनी दांडी ओढून बघितली आणि मी खूश झालो. खोटं कशाला बोलू, इतकं मन लावून खरं कामसुद्धा मी त्या आठवड्यात केलं नव्हतं.

संध्याकाळी नाखवांनी दांडी ओढून बघितली. "झाला?"

"झाला."

इंजिन नुकतंच सुरू केलेलं. गरम हवा लगेच येत नाही, हे त्यांनाही माहीत. ते गेले. जीप काही विकली गेली नाही, आणि मी विसरलो.

फेब्रुवारी संपत आला होता. मुंबईचा दुकानदार सुटे भाग बोटीवरच्या एखाद्या पोराच्या हाती पाठवायचा, म्हणून मी अधूनमधून मांडव्याच्या जेट्टीवर जायचो. त्या दुपारी पार्सल घेऊन परत फिरलो तर पार्किंगमध्ये नाखवांची जीप. ऊन मी म्हणत होतं आणि जीपच्या सगळ्या काचा वर. नाखवा ड्रायव्हरच्या सीटवर, सदरा अंगाला चिकटलेला. डावीकडच्या सीटवर त्यांची बायको, सुमनवहिनी. कान झाकणारी लोकरीची टोपी, शाल, वर मच्छी झाकायच्या कापडाची घडी आणि त्यावर आणखी एक चादर. मी त्यांना ओळखलं ते नाखवांच्या शेजारी बसल्या होत्या म्हणून. नाहीतर थळच्या बाजारात टोपली पुढे ठेवून पूर्ण बाजार दणाणून सोडणारी बाई ती, मी ओळखली नसती.

नाखवांनी काच खाली केली. "मुंबईला नेतो तिला, इंजेक्शनं चालू हायत. सकाळच्या बोटीनं जातो, दुपारी आनतो. त्या इंजेक्शनानं थंडी भरते बघ तिला. वर बोटीवरचा वारा. कोळीवाड्यात कोनाला बोललो न्हाय अजून." मग दांडीकडे बोट दाखवून म्हणाले, "तुझा हीटर हाय म्हनून बरा."

दांडी शेवटपर्यंत ओढलेली होती. पंखा जोरात फिरत होता. बाहेरची हवा आत येत होती, जशीच्या तशी. उन्हात उभ्या असलेल्या जीपमध्ये धडधाकट माणसाला ती गरमच लागणार. नाखवा घामाने निथळत होते, म्हणजे त्यांच्या लेखी हीटर चालत होता.

वहिनी चादरीतून म्हणाल्या, "विलासभावजी, थोडा मोठा करता येल काय हा? पायांना लागतच न्हाय."

त्यांचे दात वाजत होते. मी म्हणालो, "पुढच्या वेळी बघतो, वहिनी."

हे वाक्य मी रोज वीस गिऱ्हाइकांना म्हणतो. म्हणूनच ते इतक्या सहज तोंडातून निघालं.

त्या संध्याकाळी मी केबल मागवली. खरी केबल, नवा कॉक, दोन क्लिपा. आठवड्याभरात सगळं बोटीने आलं. केबल मी गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला गुंडाळून लटकवली आणि नाखवांना फोन केला. "जीप एक दिवस ठेवून जा माझ्याकडे. हीटरला जरा सेटिंग करतो."

"ठेवू कशी? परवा मांडव्याला जायचं हाय. तू ये ना इकडं, माझ्यासमोरच कर."

तिथेच अडलं. समोर बॉनेट नि डॅश उघडले की जोडलेल्या नळ्या दिसणार, पट्टीला अडकवलेली स्प्रिंग दिसणार. नाखवांना इंजिनातलं कळतं. मला जीप एकट्याला हवी होती, त्यांच्या मागे गुपचूप नीट करून द्यायची होती. म्हटलं, "बरं, सवडीने बघू." पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं, तेच उत्तर. माझ्या गॅरेजपासून थळचा कोळीवाडा किती लांब? हत्यारांची पेटी स्कूटरवर ठेवून चहा निवायच्या आत पोचलो असतो. सांगितलं असतं, नाखवा, चूक झाली, मला वेगळंच वाटलं. चार शिव्या बसल्या असत्या आणि दुपारपर्यंत काम झालं असतं. अन्वरभाईंना सगळं माहीत होतं. केबलकडे बघून ते एकदाच म्हणाले, "विलासभाई, ही भिंतीवरसुद्धा गंजेल." मी त्यांना हातातलं काम दाखवून विषय बदलला.

नारळी पौर्णिमेच्या आधी सुमनवहिनी गेल्या. मी स्मशानात गेलो होतो. परतताना बघितलं, जीप अंगणात उभी होती आणि तिच्या टपावर जाळं वाळत घातलेलं होतं.

पुढे नाखवा गॅरेजात येत राहिले. ऑइल बदलायला, ब्रेकला. मी त्यांच्याकडून मजुरी घ्यायला टाळाटाळ करायचो तर ते चिडायचे. त्यांना वाटायचं, मी दया दाखवतोय. हीटरचं नाव दोघांनीही काढलं नाही. केबल खिळ्यावरच होती. तिच्यावर धूळ बसली की मी फडक्याने पुसायचो आणि पुन्हा तिथेच लावायचो.

यंदाच्या मे महिन्यात नाखवांनी जीप विकायला काढली. पुण्याच्या एका गृहस्थांनी फोटो बघून पसंत केली. त्यांना ती दुरुस्त करून हिमालयात न्यायची होती, म्हणून त्यांनी फोनवर हीटरची चौकशी केली. नाखवा जीप घेऊन आले. "एकदा बघून ठेव सगळं. हीटर तर तूच केलेला हाय. तो चांगलाच चालतो, मी सांगितलं त्यांना."

मी बॉनेट उघडून नुसता उभा राहिलो. नाखवा माझ्या शेजारी, मडगार्डवर हात ठेवून. मग इंजिनाकडे बघतच म्हणाले, "एक सांगू तुला? पोरांना बी सांगितलं न्हाय. शेवटल्या फेरीला मी तिच्यावर वरडलो रे. सारखी आपली थंडी, थंडी. पाय गारठले, हीटर वाढव. अरे, पूर्ण ओढलेला हाय, मी भाजतोय इथं. म्हटलं, गप बस आता, नाटकं करतेस. मंग थळ येईपर्यंत गप बसली. चादर नुसती वढून घेत व्हती."

अन्वरभाई शेडच्या त्या टोकाला वायर सोलत होते. त्यांचा हात थांबला.

हे लिहायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्या वेळात मी बोलून मोकळा झालो. हीटर चालू नव्हता, नाखवा. कधीच नव्हता. तुम्ही जीप विकणार असं मला वाटलं म्हणून मी नुसती दांडी हलती केली. मांडव्याला भेटलात तेव्हा मला कळलं, तरी मी सांगितलं नाही. मी बॉनेटखाली हात घातला आणि जोडलेल्या नळ्यांवर बोट ठेवलं. मग आत वाकून दांडी ओढली आणि डॅशखालची स्प्रिंग त्यांना दाखवली, कशी ताणली जाते ती.

ते वाकून बघत राहिले. स्वतःच्या हाताने एकदा दांडी ओढली, सोडली, पुन्हा ओढली. मला वाटलं आता कानफटात बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"म्हंजे ती खरंच बोलत व्हती," ते म्हणाले.

त्यांनी दांडी परत आत ढकलली.

"मागल्या साली केबल मागवली व्हतीस ना? अन्वर बोललेला मना, विलासनं तुमच्यासाठी केबल आनून ठेवलीय. मना वाटलं असंल काय तरी. कुठं हाय?"

मी भिंतीकडे बघितलं. त्यांनी स्वतः जाऊन ती खिळ्यावरून काढली आणि माझ्या हातात दिली. "लाव."

केबल बदलायला खरंतर फार काही लागत नाही. जुनी तार आवरणासकट ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला सुतळी बांधायची. तार बाहेर येते, सुतळी तिच्या वाटेत राहते. त्याच सुतळीला नवी केबल बांधून उलटी ओढायची, म्हणजे पत्र्यामागच्या अंधारात वाट शोधत बसावं लागत नाही. कुठे ताठ मोड येऊ द्यायचा नाही. तारेला ग्रीस. दांडी बंद बाजूला, नवा कॉकही बंद बाजूला, मगच क्लिप आवळायची. उलटसुलट झालं तर कॉक अर्धाच उघडतो. नाखवांनी सुतळीचं टोक धरलं होतं. मी आतून म्हणालो की ते ओढायचे, थांबा म्हणालो की थांबायचे. होडीवर दोन माणसं काम करतात तसं, कामापुरतं बोलून. नळ्या पुन्हा हीटरला लावल्या, पाणी भरलं, हवा काढली. दुपार उलटून गेली होती.

इंजिन सुरू केलं. तापमानाचा काटा वर यायची वाट बघितली. मग मी दांडी ओढली. शेवटी ठोका आला नाही. खऱ्या केबलला तो येत नाही. हळूहळू जाळीतून कढत हवा यायला लागली.

नाखवा पलीकडून फिरून आले, डावीकडचं दार उघडून आत बसले आणि काच वर केली. "चल."

"कुठे?"

"मांडव्याला."

मी गाडी काढली. मे महिना, सगळ्या काचा बंद, हीटर पूर्ण उघडा. चोंढी येईपर्यंत माझ्या डोळ्यांत घाम उतरायला लागला, स्टीअरिंगवर हात घसरत होते. नाखवांनी चपला काढून दोन्ही पाय हवेच्या तोंडाशी धरले होते. रस्त्यावरचे लोक वाकून बघत होते. मांडव्याला पोचलो. ते उतरले नाहीत, जेट्टीकडे बघितलं फक्त. बोट लागत होती, माणसं बॅगा घेऊन उतरत होती. ते म्हणाले, "आता घरी."

कोळीवाड्याच्या तोंडाशी, जिथे ते वहिनींना उतरवायचे तिथे, त्यांनी हात वर केला. मी थांबलो. त्यांनी चपला शोधून पायात घातल्या. त्यांचे पाय लाल झाले होते.

"एवढाच तर रस्ता हाय, विलास," ते म्हणाले.

दार लावून ते घराकडे चालत गेले. किल्ली माझ्याकडेच राहिली, म्हणजे पुण्याचे गृहस्थ येतील तेव्हा जीप मीच द्यायची असं मी समजलो. या वेळी तरी विचारून खात्री करायला हवी होती, पण हाक मारायचा धीर झाला नाही. मी गाडी वळवली. हीटर बंद करायला हात दांडीपर्यंत गेला आणि परत घेतला. गॅरेजपर्यंत तसाच आलो, काचा वर ठेवून.